ढब्बूचं वजन

३ मार्च

माननीय पालक,

आपलं उत्तरकार्ड मिळालं. कार्ड क्रमांक ११४, नाव ढब्बू, कुत्रा, नर, जात मिश्र, रंग तपकिरी, छातीवर पांढरा डाग. वार्षिक लशीची आठवण करून देणारं कार्ड आम्ही दर फेब्रुवारीत पाठवतो आणि आपण त्याचा खालचा अर्धा भाग फाडून न चुकता परत पाठवता. पालकांमध्ये ही शिस्त दुर्मीळ आहे. बहुतेक जण त्या भागावर किराण्याची यादी करतात.

'काही विचारायचे असल्यास' या रकान्यात आपण लिहिलं आहे, "२० एप्रिलला मुलीला घेऊन येतोय. आता घराला अंगण आहे. ढब्बूला कायमचा घेऊन जाईन. प्रवासासाठी काय काय लागेल?"

त्यानुसार कळवते. प्रवासाचा दाखला मोठे डॉक्टर जनावर समोर उभं करून, तपासूनच देतात. नुसत्या कागदावर देत नाहीत, ओळखीवर तर मुळीच नाही. दाखला दहा दिवस चालतो. लांबच्या प्रवासाआधी नखं कापून, कान साफ करून घ्यावेत, आंघोळही इथेच होते. आठ वर्षांवरील कुत्र्यांचे दात साफ करावे लागतात, पण त्यासाठी भूल द्यावी लागत असल्याने आधी रक्त तपासतो. पालक गावाला गेले तर जनावरांच्या मुक्कामाच्या दोन खोल्या आहेत, एक भुंकणाऱ्यांची आणि एक न भुंकणाऱ्यांची. शनिवारी दुपारी वागणुकीबद्दल सल्ला मिळतो. तो जनावरांच्या वागणुकीबद्दल असतो, पण ऐकायला लागतो पालकांनाच.

ढब्बूच्या बाबतीत यातलं काय लागेल हे या पत्रात सांगणं अवघड आहे. मुलीला आत्ताच काही कबूल करू नये, असं सुचवते.

कळावे,
नोंदणी विभाग

ता. क. मुलगी? कधी झाली? केवढी आहे? आपण आत्या झालो हे लशीच्या कार्डावरून कळलेली मी या दवाखान्यातली तरी पहिलीच असेन. कार्डावर हा रकाना नाही म्हणून इथे विचारते.


१४ मार्च

बारक्या,

हा कागद दवाखान्याचा नाही, माझा आहे, तेव्हा 'आपण'-बिपण पुरे.

ढब्बू नाही. येत्या जूनमध्ये त्याला जाऊन तीन वर्षं होतील.

हे वाक्य गेले दहा दिवस मी पत्रात वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिलं. मध्ये ठेवलं, शेवटी ठेवलं, एकदा ता. क.मध्येही ठेवलं. चिकटपट्टी एका झटक्यात ओढायची, कुत्र्याला चावायचं सुचायच्या आत, असं मोठे डॉक्टर सगळ्यांना सांगतात. म्हणून पहिलंच टाकलं.

तुझं दुसरं कार्ड आलं. "दाखला काढून ठेवा. मुलगी सहा वर्षांची." एवढंच. सहा वर्षांची मुलगी एका वाक्यात बसवलीस. आपल्या घराण्याचंच वळण, कोणाला काय बोलणार.

आता तू विचारशील, मग दर वर्षी कळवलेली वजनं कोणाची होती. सांगते.

माझ्या टेबलामागे लोखंडी कपाट आहे. त्याला बारा खण, महिन्याला एक. प्रत्येक जनावराचं कार्ड त्याच्या लशीच्या महिन्याच्या खणात असतं. पहिल्या तारखेला त्या महिन्याचा खण काढायचा आणि सगळ्या पालकांना हाताने पत्ते लिहून आठवण पाठवायची, हे माझं काम. जनावर गेलं की कार्डाच्या मागची बाजू भरायची, वर 'बंद' असा शिक्का मारायचा आणि कार्ड तळाच्या पेटीत टाकायचं. शिक्का माझ्याच टेबलावर असतो. सव्वीस वर्षांत तो मी कितीदा मारला असेल, पण ढब्बूच्या कार्डावर मारला नाही. पुढच्या फेब्रुवारीत खण ओढला तर ते आपल्या जागी होतंच. मी तुझा पत्ता लिहिला आणि इतरांबरोबर टपालात टाकलं.

आठव्या दिवशी तुझं उत्तर आलं. "लस द्या. वजन किती आहे?" तेव्हा खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, लस दिली, वजन अठरा किलो दोनशे.

मनाने आकडा टाकणं माझ्या हाताला जमत नाही. त्या दिवशी वजनकाट्यावर बेकरीवाल्याचा कुत्रा उभा होता, तोही तपकिरी, त्याचं वजन लिहिलं. दुसऱ्या वर्षी त्याचंच पुन्हा लिहिलं, सतरा नऊशे. त्यावर तुझं एक जादा कार्ड आलं, "तीनशे ग्रॅम उतरलंय, डॉक्टरांना दाखवा." मी कळवलं, दाखवलं, वयोमानाने उतरतं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, ते मी वजनकाट्यावर करून दाखवलं. बेकरीवाल्याला मात्र मी खरोखरच सांगितलं की याला डॉक्टरांकडे दाखवा. त्याच्या कुत्र्याला जंत निघाले. तुझ्या काळजीचा त्याला फायदा झाला.

असं का केलं? घर बदललंस तेव्हा नवा पत्ता तू दवाखान्याला कळवलास, मला नाही, आणि दवाखान्यात तो पत्ता उतरवून घ्यायला मीच बसलेली असते हे माहीत असताना. फोनच्या रकान्यात रेघ मारलीस. म्हणजे वर्षातून एकदा तुझं अक्षर मला दिसायचं ते या कार्डावर. शिक्का मारला असता तर तेही गेलं असतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. आणखी एक कारण आहे, ते आज लिहीत नाही.

नऊ वर्षांपूर्वी आई गेल्यावर दोन दिवसांनी तू आलास, आणि मी दारातच, सगळे नातेवाईक बसलेले असताना म्हटलं, "आता कशाला आलास?" तू बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस. ढब्बूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "पंधरा दिवसांत न्यायला येतो." त्याला म्हणालास, मला नाही. मग त्याला मी सांभाळलं. सहा वर्षं तो माझ्याकडे होता आणि रोज माझ्याबरोबर चालत दवाखान्यात यायचा.

आता वीस तारखेला येऊन तू काय नेणार? ये म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. येऊ नको असं मी म्हणणार नाही, कारण तू यावंस असं मला वाटतं. मुलीला काय सांगायचं ते तू ठरव.

ताई


२९ मार्च

बारक्या,

पंधरा दिवस झाले. टपाल साडेअकराला येतं. औषधांच्या कंपनीची कॅलेंडरं, खाद्यवाल्यांची पत्रकं आणि एका बाईंचं आभाराचं पत्र, मांजराच्या नावाने सही केलेलं. तुझं काही नाही.

रागावला असशील. रागाव. पण अर्धवट ऐकून रागावू नकोस, राहिलेलं सांगते.

ढब्बूच्या पोटात गाठ होती. खाणं कमी झालं, मग पायऱ्या चढेना. मोठ्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला आणि म्हणाले, "उघडून बघू, पण वय झालंय, कबूल करून घे." ऑपरेशनच्या कागदावर पालकाची सही लागते. तिथे मी 'पालकांच्या वतीने' असं लिहून सही केली. तुला कळवायला वेळ नव्हता. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

गुरुवारी सकाळी ऑपरेशन झालं. दहा वाजता त्याला मागच्या वॉर्डात ठेवलं, सलाइन लावून. मी जाऊन बघून आले. डोळे अर्धे उघडे होते, शेपटीचं टोक हललं. मग मी पुढे टेबलावर येऊन बसले, कारण गुरुवारी गर्दी असते आणि मी नसले की लोक नंबरावरून भांडतात.

बाराच्या सुमाराला आमचे कंपाउंडर आले. ते माझ्याआधीपासून इथे आहेत, उगाच घाई करणारे नाहीत. वाकून हळूच म्हणाले, "ताई, चला. श्वास बदललाय त्याचा."

माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ होते, पोपट घेऊन आलेले, नवीन नोंद. मी म्हटलं, "एवढा पोपट लिहून घेते आणि आलेच."

कंपाउंडर म्हणाले, "पोपट मी लिहितो."

मी म्हटलं, "तुमचं अक्षर कोणाला लागत नाही. व्हा पुढे, आले मी."

त्या गृहस्थांनी पत्ता सांगायला वेळ घेतला. आधी जुना सांगितला, मग तो खोडायला लावून नवा. पोपटाचं वय त्यांना माहीत नव्हतं, ते बायकोच्या आजारपणापासून मोजत होते. मी सगळं नीट लिहून घेतलं. ते कार्ड आजही कपाटात आहे, एकही खाडाखोड नसलेलं. फक्त पत्त्याच्या ओळीत एक आहे, ती त्यांची.

मग मी उठून मागे गेले. कंपाउंडरांचा हात त्याच्या मानेवर होता. ते म्हणाले, "आत्ताच." माझ्या टेबलापासून वॉर्डातल्या त्या पिंजऱ्यापर्यंत एकतीस पावलं आहेत. नंतर मोजली.

कार्डाच्या मागच्या बाजूला चार रकाने आहेत. तारीख, वेळ, कारण, आणि चौथा 'मृत्यूसमयी जवळ कोण होतं'. तो मोठ्या डॉक्टरांनी मुद्दाम ठेवला आहे. लोक वर्षा-दोन वर्षांनी परत येतात, दुसरं जनावर घेऊन, आणि हमखास विचारतात की आमच्या आधीच्याजवळ शेवटी कोणी होतं ना. तेव्हा खात्रीने सांगता यावं म्हणून तो रकाना. कंपाउंडरांचं नाव मी सहज घालू शकले असते, ते होतेच. पण ते चौथ्या रकान्यात बसत नाहीत. तिथे आम्ही घरचं माणूस लिहितो. पहिले तीन भरले, चौथ्यावर पेन थांबलं. चौथा भरल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असा नियम आहे. नियम मीच केलेला.

म्हणून कार्ड बंद झालं नाही. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते दुसरं कारण हे. मला लाज वाटत होती, अजून वाटते.

ताई


८ एप्रिल

बारक्या,

तुझं पाकीट आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कार्ड नाही, पाकीट. उघडायच्या आधी मी तीन जणांचे नंबर घेतले, मग उघडलं.

आत अर्धा कागद. "तिकिटं काढून झालेली आहेत. परत करीन की नाही माहीत नाही. ढब्बूचं कळलं. आईजवळ कोण होतं?"

हे तू आज विचारलंस, नऊ वर्षांपूर्वी नाही. तेव्हा विचारायची गरज नव्हती, तुला सगळ्यांनी सांगितलंच होतं. काकूने सांगितलं, शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. पोरीने शेवटपर्यंत हात सोडला नाही हो. मी तसं कधी म्हटलं नाही. पण तसं नव्हतं असंही मी कोणाला म्हटलं नाही, आणि लोक डोक्यावरून हात फिरवत होते तेव्हा डोकं बाजूला घेतलं नाही.

आईजवळ कोणी नव्हतं.

बाहेरच्या खोलीत तिचा पलंग होता, तुला माहीत आहे, खिडकीला लावून. दुपारची वेळ. मी पाठोपाठ बरेच दिवस तिच्याजवळ बसलेली होते आणि माझी पाठ धरली होती. तिला डोळा लागल्यासारखं वाटलं. पाचला औषध द्यायचं होतं, त्याला अवकाश होता. मी चहा टाकायला आत गेले. गॅस लावताना घड्याळात बघितलं, औषधाची वेळ चुकू नये म्हणून. चार एकोणपन्नास. दूध उतू जाईल म्हणून तिथेच उभी राहिले. खरं सांगायचं तर दुधासाठी नाही, ते फ्रिजमध्येच होतं, गॅसवर नव्हतंच. समोरच्या गच्चीत एक बाई कपडे घड्या करत होती आणि मला तिच्याकडे बघत उभं राहायला बरं वाटत होतं. घरात कोणी आजारी नाही असं दोन मिनिटं वाटलं. मग कप घेऊन बाहेर आले, आणि बघितलं. चार छप्पन्न.

तिने हाक मारली असेल का, ते मला माहीत नाही. ऐकू आली नाही. यावर मी जितका विचार करता येतो तितका केला आहे, आणि त्यातून काही निघत नाही.

दोन दिवसांनी तू दारात उभा राहिलास. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. तू समोर होतास, उशिरा आलेला, सगळ्यांना दिसेल असा उशीर झालेला. माझा उशीर कोणाला दिसला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. तू दोन दिवसांच्या प्रवासावर होतास. मी स्वयंपाकघरात होते. तुला ओरडण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता आणि हे ओरडतानाच मला कळत होतं. मी चुकले. पुष्कळ आधी सांगायला हवं होतं.

आज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ढब्बूचं कार्ड काढलं. चौथ्या रकान्यात लिहिलं, 'घरचं कोणी नाही. बहीण पुढे कामात होती.' कंपाउंडर फरशी पुसून घेत होते, त्यांनी बघितलं आणि फडका पुन्हा पिळला. शिक्का मारला. कार्ड आता तळाच्या पेटीत आहे. पुढच्या फेब्रुवारीत तुला काही येणार नाही.

तिकिटं परत केलीस तरी मी समजेन. आलास तर मात्र इथे कुत्रा नाही, दाखला नाही, न्यायला काही नाही. मी आहे.

ताई


२३ एप्रिल

बारक्या,

पोचलात का ते कळव. मुलगी गाडीत झोपली का, की सगळ्या प्रवाशांची चौकशी करत गेली?

तू सरळ दवाखान्यात येशील असं मला वाटलं नव्हतं. मी घरी दोन भाज्या करून ठेवल्या होत्या आणि अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, दुपारनंतरची. तू आलास सकाळी. मान वर केली तर तू खिळ्यावरून नंबर काढून घेत होतास, अगदी रांगेतल्या माणसासारखा. अकरावा नंबर. मग मुलीला घेऊन बाकावर बसलास, एका बाजूला सशाची टोपली आणि दुसऱ्या बाजूला तो मोठा कुत्रा, सगळ्यांवर गुरगुरणारा. केस पांढरे झालेत तुझे. माझ्याकडे बघितलंस आणि मग भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे बघत बसलास.

मी पाचवा नंबर घेतला. सहावा घेतला. तू अकराव्यापर्यंत थांबणार होतास, मला ठाऊक आहे, तू तसलाच आहेस. सातवं एक मांजर होतं, त्याच्या बाई काचेशी येऊन उभ्या राहिल्या, टोपली टेबलावर ठेवली आणि मांजराचं नाव सांगायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा जरा." त्या म्हणाल्या, "अहो, पण माझा नंबर आहे." मी म्हटलं, "आहे ना. माझा भाऊ आलाय." आणि पेन तसंच उघडं टाकून उठले.

मागे आरडाओरडा झाला तो तू ऐकलासच. कंपाउंडरांनी मांजर लिहून घेतलं. काल त्यांचं अक्षर लावायला मला वीस मिनिटं लागली.

तुझी मुलगी वकील होणार. टेबलापलीकडे उभी राहून तिने मला विचारलं, "आत्या, कुत्रा नव्हता तर मग लस कोणाला दिली?" कोणालाच नाही, मी म्हटलं. "मग दिली असं का लिहिलं?" तू म्हणालास, "आत्यालाच विचार." मदत म्हणून करायचा नाहीस तू कधी. मी तिला सांगितलं की तुझ्या बाबांचं अक्षर बघायला मिळावं म्हणून. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण त्यांचं अक्षर घाण आहे." एवढं खरं बोलणारं माणूस आपल्या घरात बऱ्याच दिवसांनी आलं.

आईचा विषय तू दिवसभर काढला नाहीस. जेवताना नाही, जुन्या वस्तू बघताना नाही. मी वाट बघत होते आणि काढू नयेस असंही मनात होतं. शेवटी स्टँडवर, गाडी लागलेली असताना, मुलीला आत चढवून तू खाली उतरलास आणि विचारलंस, "तो चहा मग प्यायलीस का गं?"

मी म्हटलं, "नाही. मोरीत ओतला."

"दोन रात्री न झोपता मी गाडीत बसून होतो," तू म्हणालास, "आणि सगळी वाट मला एकच वाटत होतं, की ताईने काही खाल्लं असेल का." मग कंडक्टर ओरडला आणि तू चढलास.

मी तिथे बाकावर बसून रडले. लिहिते, कारण तुला कोणी सांगणार नाही. नंतर घरी येऊन चहा केला आणि प्यायले.

मुलीचा पिवळा स्वेटर इथे पलंगावर राहिला. बाही उसवली होती, शिवून ठेवली आहे. तसा टपालाने पाठवता येईल, पाकिटात बसेल एवढाच आहे, आणि तुझा पत्ता मला तोंडपाठ आहे. पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

ताई